गळतीचा हिशोब

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ३४ वर्षं काढलेल्या माणसाला मधुमेह झाला, की गावाला चेष्टेला कायमचा विषय मिळतो. "साखर मोजता मोजता घरी पण भरून नेली काय सायेब?" हे मी २००१ पासून ऐकतोय. पहिली काही वर्षं राग यायचा. आता समोरच्याच्या आधी मीच म्हणून टाकतो.

पण लॅबमध्ये आम्ही नेमकं काय करायचो, हे त्या चेष्टा करणाऱ्यांना माहीत नसतं. पोती किती भरली ते गोदामवालाही सांगतो. लॅबचं खरं काम साखर कुठून निसटते ते शोधायचं. उसाचा रस, बगॅस (चोथा), प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), मळी, प्रत्येकाचा नमुना दर पाळीला आणायचा, ब्रिक्स म्हणजे विरघळलेलं एकूण किती ते बघायचं, पोलॅरिमीटरवर पोल म्हणजे त्यातली साखर किती ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. बगॅसमधला पोल दोनच्या वर सरकायला लागला की चीफ केमिस्ट मिल हाउसला फोन लावून आरडाओरडा करायचे. गोदामात पोती थप्पीने रचलेली असली तरी तो आरडाओरडा व्हायचाच. कृष्णाकाठच्या एका सहकारी कारखान्यात १९८६ ते २०२० मी हेच केलं, तिन्ही पाळ्यांत. स्वतःच्या शरीराची मात्र इतकी वर्षं नुसती पोतीच मोजत राहिलो.

२००१ साली हंगामाआधी कारखान्यात आरोग्य तपासणी झाली. उपाशीपोटी साखर १८८. वय ३९. गावातल्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू केली, गोड बंद, चाला, असं सांगितलं. बॉयलर पेटला की हे सगळं धुराड्यातून जायचं. रात्रपाळीला तीन वाजता चहा आणि भडंग ठरलेलं. नवीन साखर बाहेर पडली की दाणा जिभेवर ठेवून बघायची सवय, ती तर धंद्याचीच. पाळी दर आठवड्याला बदलायची तशी गोळीची वेळही बदलायची, कधी हुकायची. हंगामात तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) नऊच्या आसपास, पावसाळ्यात साडेसात. मी म्हणायचो, चला, सरासरी बरी आहे.

दरवर्षी एकदा लघवी आणि रक्त तपासायचो, नाही असं नाही. लघवीच्या रिपोर्टवर 'प्रोटीन : निल', रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, एकच्या आसपास. दहा वर्षं तो 'निल' बघून मी निर्धास्त होतो. लघवीत बुडवायची ती पट्टी भरपूर प्रथिनं जायला लागल्याशिवाय रंगच बदलत नाही, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. केमिस्ट असून विचारलं नाही, हे जास्त लागतं. कोणतंही मोजमाप हातात आलं की ते किती बारीक पकडतं हे आधी विचारायचं, हा तर आमच्या धंद्याचा पहिला धडा.

२०१२ मध्ये चष्म्याचा नंबर बदलला म्हणून मिरजेला गेलो. डॉक्टर बाईंनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, अर्धा तास बसवून ठेवलं आणि मग डोळ्यात बराच वेळ बॅटरी मारून बघत राहिल्या. म्हणाल्या, "पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत. मधुमेहाचेच आहेत. किडनीचं कधी बघितलंय का?"

"क्रिएटिनिन नॉर्मल आहे," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"ते नाही विचारत. लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो केलाय का?"

हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, ते लघवीत गळतंय का ते बघायचं. मधुमेहाला ११ वर्षं झाली होती. त्यांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्यातल्या आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या एकाच तऱ्हेने बिघडतात. डोळ्यात नुसतं डोकावून त्या दिसतात आणि किडनीत दिसत नाहीत, एवढाच फरक.

रेशो आला १४८. तीसच्या आत पाहिजे. क्रिएटिनिन १.१ आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर ७८. हा ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते त्याचा अंदाज.

फिजिशियननी कागदावर चित्र काढून दाखवलं. एकेका किडनीत दहा लाखांच्या घरात बारीक गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. लघवी म्हणून दीड-दोन लिटरच बाहेर पडते. रक्तात साखर जास्त राहिली की या गाळण्यांवर दाब वाढतो. सुरुवातीची काही वर्षं तर किडनी नेहमीपेक्षा जास्तच गाळते. मी ऐकता ऐकता मान हलवायला लागलो, कारण आमच्याकडे व्हॅक्यूम फिल्टरवर हेच व्हायचं. नवखा ऑपरेटर व्हॅक्यूम चढवून ठेवायचा, पाळीत भरपूर रस काढून दाखवायचा, शाबासकी मिळवायचा. मग जाळी खराब होऊन गढूळ रस यायला लागायचा तो दुसऱ्याच्या पाळीत.

रेशो का, नुसतं अल्ब्युमिन का नाही, तेही त्यांनी सांगितलं. पाणी जास्त प्यालेल्या दिवशी लघवी पातळ होते, आकडा फसवतो. म्हणून क्रिएटिनिनने भागायचं. म्हटलं, अहो, ही तर आमची प्युरिटी झाली, पोल भागिले ब्रिक्स. डॉक्टरांना ते काही कळलं नाही, पण त्यांनी कौतुकाने बघितलं.

आणि रक्तातलं क्रिएटिनिन? किडनीचं काम निम्म्याच्या आसपास येईपर्यंत ते नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतं. म्हणजे ती माझी पोती.

तिथून मी शहाणा झालो असतो तर पुढचं लिहायला काही उरलंच नसतं.

रॅमिप्रिल दिली. तिने कोरडा खोकला लागला; तो त्या गोळीचा ओळखीचा त्रास आहे, म्हणून टेल्मिसार्टनवर आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की ही गोळी नुसती बीपीची नाही, गाळणीतला दाब कमी करते, बंद करायची नाही. सहा महिन्यांत बीपी १३० वर ८० आलं. मी मनाशी म्हटलं, बीपी तर उतरलं, आणि गोळी अर्धी केली. पुढच्या हंगामात ती कधी चालू, कधी बंद. रेशो पुन्हा करायचा होता दर सहा महिन्यांनी. मी चार वर्षं केला नाही. पैसे हे कारण नव्हतं, महिन्याच्या चहा-भडंगात ती तपासणी बसली असती. काही दुखत नव्हतं, हेच कारण. किडनी दुखतच नाही या आजारात. गुडघा दुखला असता तर दुसऱ्या दिवशी गेलो असतो.

२०१६ च्या सुमाराला संडासात पाणी ओतलं तरी फेस बसेना. रसाच्या टाकीवर बसतो तसा, चिवट. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर उठायचा, नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. रेशो ६४०. क्रिएटिनिन १.४, ईजीएफआर ५६. चार वर्षांत २२ आकडे खाली. वयानुसार प्रत्येकाचा वर्षाला साधारण एक कमी होतो, असं किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं. माझा वर्षाला पाच-साडेपाच चालला होता.

त्यांनी २४ तासांची लघवी गोळा करायला सांगितली. पाच लिटरचा कॅन मिळाला. पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून घड्याळ लावून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी कॅनमध्ये, आणि कॅन गार जागी ठेवायचा. गार जागा म्हणजे घरात एकच. "दह्याच्या शेजारी?" ही म्हणाली आणि मग जे बोलली ते इथे लिहीत नाही. शेवटी बादलीत बर्फ टाकून कॅन मोरीत ठेवला, दर तीन तासांनी बर्फ आणायला शेजारचा पोरगा. तो पोरगा आता इंजिनिअर आहे, अजून भेटला की विचारतो, "काका, बर्फ आणू का?"

दिवसाला सव्वा ग्रॅम प्रथिनं जात होती. मी डॉक्टरांना विचारलं, लॅबमध्ये इतकी वर्षं रस नितळ करायला शिशाचं मीठ वापरलं, त्याचं तर नाही ना हे? ते म्हणाले, शिसं किडनीला वाईटच, पण डोळ्यातले ठिपके आणि लघवीतली प्रथिनं अशी जोडीने असतील तर दुसरीकडे बोट दाखवायची गरज नाही.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. भडंग गेलं, पापड गेला, लोणच्याची बरणी माझ्या बाजूने दुसऱ्या टोकाला गेली. खर्डा महिन्यातून एकदा. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला साखर सोडणं सोपं जातं, मीठ सोडणं नाही. पांढरा रस्सा समोर असताना वाटी बाजूला सारायला जे लागतं, त्याला मनोबल हा शब्द कमी पडतो. टेल्मिसार्टन पूर्ण डोसला गेली, जोडीला सूज उतरायला पाण्याची गोळी. याच काळात एका नातेवाइकाने किडनी साफ करणारा काढा आणून दिला. डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन बघितली. त्यात काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. "तुमच्या लॅबमध्ये असला नमुना आला तर घ्याल का?" म्हणाले. काढा परसात ओतला.

तीन वर्षं बऱ्यापैकी गेली. २०१९ च्या जुलैत ईजीएफआर ४७. घसरण होतीच, पण वर्षाला तीनवर आली होती.

मग ऑगस्टमध्ये पूर आला.

तो पूर ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही. आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. आम्ही आठवडाभर शाळेत. मदत म्हणून जे आलं ते बिस्किटं, फरसाण, चिवडा, आणि कुणाच्या जिवावर आपण जगलो हे आठवून त्याला नाव ठेवणार नाही. पण मिठाचा हिशोब तिथे संपला. पाणी उतरल्यावर चिखल उपसायला लागलो. ५७ वर्षांचा माणूस, दहा-बारा दिवस फावडं. कंबर आणि गुडघे बोलायला लागले. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणली, सकाळ-संध्याकाळ, आठ दिवस. डॉक्टरांनी ती कधीतरी नको म्हटली होती. पण तेव्हा ते ऐकताना दुखत नव्हतं.

आठव्या दिवशी जुलाब सुरू झाले. पाणीच तसलं होतं. दोन दिवसांत पंधरा-वीस वेळा. आणि आयुष्यभर गोळ्या चुकवणारा मी, नेमका त्या दोन दिवसांत टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी आज्ञाधारकपणे घेत होतो. पिशवी घेऊन पळालो होतो, त्यातली एवढीच एक वस्तू कोरडी राहिली होती. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सकाळपासून लघवीलाच झालेली नाही.

मिरजेत क्रिएटिनिन ३.४ आणि पोटॅशियम ६.१. पोटॅशियम ऐकून नर्सने आधी ईसीजीचं मशीन ओढलं. ते इतकं चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. सहा दिवस सलाइनवर होतो. डायलिसिस लागेल की नाही, हे रोज सकाळच्या रिपोर्टवर ठरायचं. नाही लागलं.

सुट्टी देताना डॉक्टरांनी समजावलं. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं. पाण्याच्या गोळीने आणखी गेलं. अशा वेळी किडनी स्वतःचा दाब कसाबसा सांभाळते, आत येणारी वाहिनी फुगवून आणि बाहेर जाणारी आवळून. दुखण्याच्या गोळीने पहिली युक्ती बंद केली, टेल्मिसार्टनने दुसरी. एकेकटी असती तर कदाचित निभावलं असतं. तेव्हापासून फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलेली आहे: जुलाब, उलट्या, ताप, खाणंपिणं बंद, यातलं काही झालं की कोणत्या गोळ्या थांबवायच्या आणि कुणाला फोन करायचा. आणि दुखण्यावर पॅरासिटामॉल, तीही विचारून.

दोन महिन्यांनी क्रिएटिनिन १.९ वर थांबलं. ईजीएफआर ३८. आधीच्या तीन वर्षांत जेवढं गेलं होतं तेवढंच, नऊ आकडे, त्या तीन आठवड्यांत गेलं. तलाठी पंचनाम्याला आला तेव्हा टीव्ही, कपाट, गहू, दोन शेळ्या लिहून घेतल्या. हे नऊ आकडे कुठल्या रकान्यात लिहायचे?

२०२० मध्ये निवृत्त झालो. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन सुरू केली. आधी ती महाग होती. २०२० च्या शेवटी पेटंट संपलं आणि आपल्या इथल्या कंपन्यांनी काढल्यावर किंमत उतरली. ही गोळी साखर लघवीतून सोडून देते. मला हसूच आलं. जन्मभर लघवीतली साखर म्हणजे वाईट, आणि आता ती मुद्दाम सोडायची! त्यामुळे गाळणीतला दाब कमी होतो म्हणे, आणि किडनीला मिळणारा फायदा साखर उतरण्याच्या पलीकडचा आहे. स्वच्छता ठेवा, लघवीच्या जागी खाज-बुरशी होऊ शकते, हेही त्यांनी न लाजता सांगितलं. पहिल्या महिन्यात ईजीएफआर ३७ चा ३४ झाला. तसं होणार हे आधीच सांगितलेलं नसतं तर मी ती गोळी नक्की फेकून दिली असती. वर्षभरात रेशो नऊशेवरून चारशेच्या खाली आला.

२०२३ मध्ये एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा गंमत वाटली. माझी साखर सुधारायला लागली. काही वेगळं करत नव्हतो तरी उपाशीपोटी ९५, ९०, ८८. एचबीएवनसी ६.३. कट्ट्यावर मी त्याचं भाषण दिलं. मग एका पहाटे हिने मला हलवलं तर मी घामाने भिजलेला आणि काहीतरी बरळत होतो. मिल बंद करा, मिल बंद करा, असं म्हणत होतो म्हणे. साखर ४८. हिने पाण्यात साखर कालवून पाजली. इतक्या वर्षांनी घरात मला कोणीतरी साखर हातात दिली.

डॉक्टर म्हणाले, साखर सुधारली नाही, किडनी बिघडली. इन्शुलिन संपवण्याचं बरंचसं काम किडनी करते. ती मंदावली की इन्शुलिन रक्तात रेंगाळतं, गोळ्यांचा असरही लांबतो. ग्लिमेपिराइड त्याच दिवशी बंद, तिच्या जागी लिनाग्लिप्टिन. आणि तो ६.३? हिमोग्लोबिन ९.८ होतं. रक्त बनवायला सांगणारा हार्मोनही किडनीच तयार करते, तो कमी पडला होता, आणि रक्ताचं असं काही बिनसलेलं असलं की तो आकडाही भरवशाचा राहत नाही. म्हणजे ज्या दोन आकड्यांवर मी भाषण दिलं, ते दोन्ही आजाराचेच होते.

आता ईजीएफआर २९ आहे, क्रिएटिनिन २.४. तीसच्या खाली गेल्यावर मेटफॉर्मिन थांबली; २४ वर्षांची सोबत होती. पोटॅशियम चढू नये म्हणून बटाटा चिरून, भरपूर पाण्यात उकडून, पाणी फेकून मग भाजी. शहाळं बंद. कमी सोडियमचं म्हणून मुलाने पुण्याहून मोठ्या प्रेमाने आणलेलं मीठही बंद, कारण त्यात सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं. माझं पोटॅशियम ५.६ का गेलं याचा शोध दोन आठवडे चालला आणि तो मिठाच्या डब्यात लागला.

डॉक्टर म्हणाले, वीसच्या आसपास आलात की पुढचं बोलू, पण डायलिसिस एकदा बघून या. गेलो. तिथे आमच्या वजनकाट्यावरचा जुना क्लार्क भेटला. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. महात्मा फुले योजनेत होतं, पैसे पडत नाहीत. मला बघून त्याला आनंदच झाला. डाव्या हाताची बाही वर करून म्हणाला, "लावा हात." मनगटाच्या वर फुगलेली शीर होती, तिच्यावर बोटं ठेवली तर आत थरथर. मिलच्या बेअरिंगवर हात ठेवल्यावर लागते तशी, न थांबणारी. शुद्ध रक्ताची वाहिनी शिरेला जोडतात, मग ती महिना-दोन महिन्यांत जाड होते आणि सुया सोसते. त्यासाठी शीर चांगली हवी. त्याच्या उजव्या-डाव्या दोन्ही हातांत आधी वर्षानुवर्षं सुया टोचून शिरा खराब झालेल्या, म्हणून त्याचं पहिलं ऑपरेशन फसलं होतं.

घरी येताना ही म्हणाली, "माझा रक्तगट ओ आहे, म्हणजे माझी किडनी तुम्हाला चालतीय की." मी विषय बदलला. तिने तो परवा पुन्हा काढला.

कावीळ-बीच्या लशीचे डोस सुरू झालेत. जुन्या शिफ्ट रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर मी रकाने आखलेत: तारीख, बीपी, वजन, रेशो, क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन. परवा सकाळी लॅबमधला नवा मुलगा रक्त घ्यायला घरी आला. त्याने सवयीने माझा डावा हात ओढला आणि रबर बांधायला लागला.

"उजवा घे," मी म्हटलं.

"का काका, डावा दुखतोय?"

"नाही. राखून ठेवलाय."